बाकीची प्रमिला

“सुमेधा, आज प्रमिला तू,” पांढरीपांडे सर म्हणाले आणि त्यांनी वेताच्या खुर्चीकडे बोट केलं.

मी जागची हलले नाही. त्या खुर्चीवर मी तोवर एकदाही बसले नव्हते. बसायचा तो इंगोले, सरांचा दुसरा ज्युनियर. दारव्ह्याकडचा, धिप्पाड, आणि भुताखेतांनीच घाबरावं असा त्याचा आवाज. मागच्या अपिलात तो खून झालेला सरपंच होऊन बसला होता आणि शेवटी “साहेब, आटपा, मला वर उशीर होतोय,” असं म्हणून त्यानं सरांच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

“इंगोले बसू दे ना, सर,” मी म्हटलं.

“इंगोले बाविशीतली सून दिसतो का तुला?”

इंगोले मिशीवरून हात फिरवत फिदीफिदी हसला. मी निमूटपणे जाऊन बसले.

नागपूरचा मे महिना होता. कोर्टाला सुट्टी होती आणि धरमपेठेतल्या सरांच्या ऑफिसबाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. खिडकीतला कूलर घरघरत होता आणि वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी ठिबकत होतं. त्या शहरात लोक रात्रीला भीत नाहीत, भर दुपारला भितात. मी सांगलीची, लग्न होऊन तिकडे गेलेली, त्यामुळे मला हे सगळं फार गमतीचं वाटायचं.

सांगलीला मी भावाभावांच्या वाटणीचे दावे चालवले होते. अशील रोज घरी येऊन बसायचे, कोणी भाजी आणायचे, कोणी रडायचे. सरांकडे आल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, “इथं माणसं येणार नाहीत. इथं फक्त रेकॉर्ड येतं.” सर जन्मठेपेची अपिलं चालवत. खालच्या कोर्टात साक्षीदार घाम पुसतात, अडखळतात, आरोपीकडे बघून नजर चोरतात. आमच्यापर्यंत येताना ते सगळं गळून जातं आणि टाइप केलेली वाक्यं तेवढी उरतात. त्या वाक्यांत असेल तेवढंच जग. त्याबाहेरचं काही वरच्या कोर्टात बोलता येत नाही, म्हणून ते ऐकायचंही नाही, असा सरांचा दंडक होता. ते अशिलाला भेटायला तुरुंगात जात नसत, गाव बघायला जात नसत. माणूस पाहिला की कागद धड वाचता येत नाही, असं ते म्हणत. खालच्या कोर्टातले वकील आम्हाला कागदी वाघ म्हणायचे आणि सरांना ते चक्क आवडायचं.

असा हा कोरडा माणूस, आणि त्याच्या ऑफिसात ती खुर्ची! खुनाच्या खटल्यात सगळे बोलतात, सर म्हणायचे. पोलीस बोलतात, डॉक्टर बोलतो, शेजारीपाजारी बोलतात. ज्याचा जीव गेला तो तेवढा बोलत नाही. म्हणून अपील उभं करायच्या आधी एकदा त्याला खुर्ची द्यायची, पुढ्यात पाण्याचा पेला ठेवायचा आणि त्याला प्रश्न विचारायचे. ज्युनियरनं उत्तरं द्यायची ती फक्त रेकॉर्डमधून. रेकॉर्डवर नसेल तर “माहीत नाही” म्हणायचं. यात भूतबीत काही नव्हतं, ती काम करायची एक रीत होती. मृताच्या जागेवरून तेच कागद वेगळे दिसतात, एवढाच त्यातला हिशेब.

“नाव?” सरांनी सुरुवात केली.

“प्रमिला सोनटक्के.”

“घरी कोण कोण?”

“सासू देवकाबाई आणि मी. नवरा पुण्याला कंपनीत असतो.”

“सासूशी पटतं?”

“शेजारणी सांगतात, लग्न झाल्यावर भांडणं व्हायची. पुढचं माहीत नाही.”

सगळं बरोबर चाललं होतं. खटला तसा सरळ होता आणि आमच्या बाजूनं वाईट होता. यवतमाळकडच्या एका खेड्यात प्रमिला शेतातल्या विहिरीत पडून मेली. तिच्या डाव्या मनगटावर बोटांचे वळ होते. देवकाबाईच्या हातांच्या बोटांवर नखांचे ओरबाडे होते आणि पोट खरचटलेलं होतं. म्हणजे झटापट झाली. वर सरजा नावाच्या शेजारणीनं बांधावरून पाहिलं होतं. एवढं असताना देवकाबाईनं कोर्टात काय म्हणावं? प्रत्येक प्रश्नाला “खोटं आहे.” तुम्ही विहिरीवर होता? खोटं आहे. तुमच्या बोटांवर जखमा होत्या? खोटं आहे. तिच्या वकिलानंच तिला तसं पढवलेलं, हे आम्हाला न सांगता कळत होतं. खालच्या कोर्टांत ही सवयच असते, आरोपीनं सरसकट नाही म्हणायचं. पण विहिरीवर असलेली बाई विहिरीवर नव्हते म्हणाली, म्हणजे तिनंच मारलं, असं न्यायाधीशांनी लिहिलं आणि जन्मठेप दिली. ती तेव्हापासून नागपूरच्या तुरुंगात होती. हे अपील हरलो असतो तर ती तिथंच मेली असती.

“इंगोले, सरजाची साक्ष वाच,” सर म्हणाले.

इंगोलेनं त्याच्या त्या दणदणीत आवाजात वाचलं, “मी बांधावर गवत कापत होते. मला देवकाबाई विहिरीच्या काठावर वाकलेली दिसली. तिनं प्रमिलाचा हात धरलेला दिसला. मग हात दिसेनासा झाला. मी धावत गेले तेव्हा प्रमिला पाण्यात होती.”

“प्रमिला,” सर माझ्याकडे वळून म्हणाले, “सरजाला तुझा हात दिसला, तेव्हा तू कुठे होतीस?”

उत्तर सोपं होतं. विहिरीच्या काठावर. न्यायाधीशांनी तसंच लिहिलं होतं. मी ते बोलायला तोंड उघडलं आणि मला शेवाळाचा वास आला.

पुढचं मी जे सांगते आहे, त्यातलं थोडं मला आठवतं आणि थोडं इंगोलेनं नंतर सांगितलेलं आहे. माझा डावा हात वर गेला. मी उचलला नाही. वर कोणीतरी तो धरून ओढावा तसा तो खांद्यातून ताणला गेला आणि मी खुर्चीत अर्धी लोंबकळल्यासारखी वाकडी झाले. पाय जमिनीवर टेकले होते, पण मला ते टेकलेले वाटत नव्हते. मनगट विलक्षण दुखायला लागलं. कूलरची घरघर वाढत वाढत कानात मावेनाशी झाली.

“ती मोटर बंद करा!” मी ओरडले. “तिले आयकू येऊन नाई रायलं!”

इंगोले म्हणतो, सर तेव्हा उभे राहिले होते. मला सर दिसत नव्हते. वर खूप पांढरं ऊन होतं आणि त्या उन्हात कोणाचंतरी काळं डोकं होतं.

मग माझा उजवा हात वर गेला आणि डाव्या मनगटापाशी जाऊन काहीतरी सोडवायला लागला. एकेक करून. जिथं काहीच नव्हतं तिथं मी कोणाची तरी बोटं नखांनी उचकटत होते. आणि हळू आवाजात, लहान मुलीची समजूत काढावी तसं बोलत होते, “माय, सोड. तू बी पडशीन. सोड वं माय.”

हात धपकन मांडीवर पडला. सगळं थांबलं. इंगोलेनं घाईघाईनं पेला माझ्या ओठांशी धरला आणि पाणी बघताच मी अशी काही किंचाळले की पेला उडून भिंतीवर आपटला.

मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त लाज वाटत होती. इंगोलेची रोजची थट्टा कुठल्या कुठे पळाली होती. मी तिकडची भाषा बोलायचा प्रयत्न केला की हाच माणूस पोट धरून हसायचा.

सरांनी पेला उचलून टेबलावर ठेवला. “रेकॉर्डवर मोटर आहे?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हटलं.

“मृत्यूआधी ती काही बोलली, असं आहे?”

“नाही.”

“आणि सर,” इंगोले चाचरत म्हणाला, “आमच्याकडे सून सासूला आत्याबाई म्हणते. अहो-जाहो करते. माय नाही म्हणत, आणि तू तर मुळीच नाही.”

“मग ते सगळं इथंच राहील,” सर म्हणाले. “या दाराबाहेर एक अक्षर जाता कामा नये. तुझ्या घरीसुद्धा नाही, सुमेधा. आपण वकील आहोत, देवऋषी नाही.” ते येरझाऱ्या घालायला लागले. मग माझ्यासमोर येऊन थांबले. “तू बोललीस ते रेकॉर्डबाहेरचं. तुझा हात मात्र रेकॉर्डवर आहे. इंगोले, सरजाची साक्ष पुन्हा वाच.”

इंगोलेनं पुन्हा वाचलं. प्रमिलाचा हात धरलेला दिसला. मग हात दिसेनासा झाला.

“हात,” सर म्हणाले. “बाईला फक्त हात दिसला. भर दुपार, मोकळं रान, आणि तिला डोकं दिसलं नाही, लुगडं दिसलं नाही, पाय दिसले नाहीत. अरे, मग बाकीची प्रमिला कुठे होती?”

मी माझ्या डाव्या मनगटाकडे पाहिलं.

बाकीची प्रमिला विहिरीत होती. ती आधीच पडत होती आणि सासूनं तिला वरून धरलं होतं. ढकलणारा माणूस पोटावर आडवा पडत नाही, त्याचं पोट दगडानं खरचटत नाही. हे सगळं पहिल्यापासून कागदावर होतं. सरजा खरं बोलली होती, डॉक्टर खरं बोलला होता. कोणी विचारलंच नव्हतं, एवढंच.

सुट्टी संपल्यावर जूनमध्ये सुनावणी झाली. सर जेमतेम अर्धा तास बोलले. दोन न्यायमूर्तींपैकी जे कडक म्हणून प्रसिद्ध होते त्यांनी विचारलं, “तुमची बाई म्हणते ती विहिरीवर नव्हतीच. तुम्ही म्हणता ती तिला वाचवत होती. कोणाचं खरं मानायचं?”

“दोघांचंही मानू नका,” सर म्हणाले. “सरजाचं माना. ती सरकारची साक्षीदार आहे. तिला फक्त हात दिसला.”

त्यांनी सरजाच्या साक्षीचं पान पुन्हा उघडलं, त्यावरूनच आम्ही ओळखलं. त्याच आठवड्यात देवकाबाई निर्दोष सुटली. इंगोलेनं ऑफिसात आल्या आल्या टेबलावर ताल धरला. मीही खूश होते, खोटं कशाला सांगू. त्या दुपारचं मी मनातून काढून टाकायला लागले होते.

आणि मग ती आली.

पाऊस लांबला होता, कूलर अजून चालूच होते. दुपारी दारात एक वाळकी बाई उभी राहिली. हातात कापडी पिशवी. गालफडं इतकी बसलेली की आधी वाटलं, कोणी भिकारीण आहे. “पांढरीपांडे साहेब इथंच असतात का जी?” तिनं विचारलं. “मी देवका सोनटक्के.”

सर अशिलाला भेटत नसत. पण सुटून दारात आलेल्या माणसाला काय म्हणणार? “या,” ते कसंबसं म्हणाले. “बसा.”

ती बसली नाही. पाया पडली नाही, आभार मानले नाहीत. सरांकडे बघत राहिली आणि म्हणाली, “तुमी मले काऊन सोडवलं?”

सर गडबडले. “काऊन म्हणजे? तुम्ही काही केलं नाही म्हणून.”

“मी केलं,” देवकाबाई म्हणाली. “तिचा पाय सरकला थे खरं. मी पालथी पडून तिचा हात धरला थे बी खरं. पन मंग मी सोडला, साहेब. माह्या हातातून गेली ती. म्या दाबून धरला असता तं सरजा येऊन पोचली असती. त्या वकिलाले सांगतलं मी, मले हे बोलू द्या. तो म्हने, सगळ्याले नाई म्हन, सुटशीन. मी म्हनलं. पन मले सजा लागली तवा बरं वाटलं. बराबर लागली असं वाटलं.”

“बोटं हरतात, देवकाबाई,” सर म्हणाले. “ओझं पेलवलं नसेल.”

“काय तं बोलली ती जाता जाता.” ती आता सरांशी बोलत नव्हती. “तोंड हालत होतं तिचं. पन मोटर चालू होती, पान्यावर लावलेली. आयकू नाई आलं. रोज रात्री पायतो मी ते तोंड. मले वाटते, शिवी देली असंन. सोडते काय वं रांडे, असं म्हनली असंन. घास उतरत नाई. तुरुंगातल्या बाया जबरदस्ती चारत म्हून जगलो.” तिनं पिशवी सावरली. “जातो आता. गावाले.”

“तिथं कोण आहे?” मी विचारलं.

“कोनी नाई. पोरगं तं तोंडही पाहत नाई. इहीर हाये, तीच.”

ती वळली. इंगोलेनं माझ्याकडे पाहिलं. मी सरांकडे पाहिलं. सरांनी अगदी थोडी मान हलवली, नाही म्हणून. रेकॉर्डबाहेरचं. त्या क्षणी मला सरांचा इतका राग आला की आयुष्यात कोणाचा आला नसेल.

“ती तुम्हाला माय म्हणायची का हो?” मी मोठ्यानं विचारलं.

देवकाबाई दारातच थांबली.

“चारचौघांत आत्याबाई,” ती न वळता म्हणाली. “पोरगं पुन्याले गेल्यावर आमी दोघीच. मंग भांडनं मिटली. घरात कोनी नसलं का माय म्हने. अवंतवं करे, लेक करते तसं.” मग ती वळली. “तुमाले कोनं सांगतलं? हे तं कोनालेच ठाऊक नाई.”

“तुमचा हात सुटला नाही,” मी म्हटलं. “तिनं तुमची बोटं सोडवली. एकेक करून, नखांनी. त्याचेच ते ओरबाडे. ती म्हणत होती, माय, सोड. तू बी पडशीन. सोड वं माय.”

देवकाबाईनं आपले दोन्ही हात वर धरले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. उजव्या हाताची बोटं तिनं हळूहळू मिटली आणि उघडली. तिला काहीतरी आठवत होतं, जे इतकी वर्षं तिला उलटंच आठवलं होतं.

“कोनं सांगतलं?” तिनं पुन्हा विचारलं. या वेळी आवाज नुसता श्वासासारखा होता.

मी फक्त वेताच्या खुर्चीकडे पाहिलं. तिनं माझ्या नजरेचा रोख पाहिला. ती खुर्चीजवळ गेली, खाली जमिनीवर बसली आणि खुर्चीच्या बैठकीवर तिनं कान टेकवला. झोपलेल्या लेकराच्या पोटावर आई टेकवते तसा. तिचे डोळे मिटलेले होते, पण कपाळावर आठ्या पडल्या होत्या. तिला ऐकू येत नव्हतं.

सर उठले. अंगात कुठलीही घाई नसलेला माणूस; ते तसेच सावकाश खिडकीपाशी गेले आणि त्यांनी कूलर बंद केला.

पंखा फिरत फिरत थांबला. ताट्यांवरचं शेवटचं पाणी ठिबकलं आणि बंद झालं. ऑफिसात, रस्त्यावर, साऱ्या धरमपेठेत कसलाही आवाज उरला नाही. मी कान देऊन ऐकत होते. मला काही ऐकू आलं नाही, इंगोलेला नाही, सरांनाही नाही. नंतर आम्ही एकमेकांना शपथा घालून विचारलं.

देवकाबाईच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. ती बराच वेळ तशीच होती. मध्येच एकदा तिनं मान हलवली. मध्येच एकदा ती हसली, आणि त्या हडकलेल्या चेहऱ्यावर ते हसू बघवेना. मग पदरानं नाक पुसत ती खुर्चीला म्हणाली, “हो वं माय. जेवतो. जेवतो म्हनलं ना.”

ती उठून बसली आणि आमच्याकडे वळली.

“भाकर हाये का जी काही?” तिनं विचारलं.

इंगोलेनं धावत जाऊन आपला डबा आणला. सरांनीच पेल्यात पाणी ओतलं. देवकाबाईनं पहिला घास मोडून खुर्चीवर काढून ठेवला, दुसरा तोंडात घातला आणि मग डबा संपेपर्यंत मान वर केली नाही. उकाड्यानं आम्ही घामाघूम झालो होतो, पण कूलर लावायला कोणी उठलं नाही.